सिस्टर, जरा सांगता का?

वाचकहो, या सदरात आपण आजवर आजारांविषयी, औषधांविषयी आणि पथ्यपाण्याविषयी बोलत आलो. आजचा विषय थोडा निराळा आहे. आज बोलायचे आहे ते दवाखान्यातल्या बोलण्याबद्दल. त्यातही परिचारिका आणि रुग्णाचे नातेवाईक यांच्यातल्या बोलण्याबद्दल. हा काय आरोग्याचा विषय झाला, असे कुणाला वाटेल. मलाही एके काळी तसेच वाटत असे. एका प्रसंगाने माझे मत बदलले.

२००३ सालच्या पावसाळ्यातली गोष्ट. माझ्या दहा खाटांच्या दवाखान्यात पासष्टीचे एक शेतकरी गृहस्थ दाखल होते. डाव्या अंगावरून वारे गेले होते, म्हणजे पक्षाघात झाला होता. जिल्ह्याच्या गावी सीटी स्कॅन झाला, तिथल्या तज्ज्ञांनी उपचार लिहून दिले आणि घराजवळ बरे म्हणून मुलांनी त्यांना माझ्याकडे आणून ठेवले. प्रकृती स्थिर होती. माणसे ओळखत होते, बोलणे मात्र जड झाले होते. मी केसपेपरवर ‘तोंडाने काही देऊ नये’ असे लिहिले, सिस्टरला सांगितले आणि घरी गेलो. सिस्टरने खाटेजवळ बसलेल्या त्यांच्या पत्नीला सांगितले, “आजी, यांना तोंडानं काही द्यायचं नाही हं.” आजी म्हणाल्या, “बरं.”

पहाटे पाचला मुलगा थर्मासमधून चहा घेऊन आला. आजोबा रात्रभर घसा सुकल्याच्या खुणा करत होते. आजींनी बशीतला चहा फुंकून गार केला आणि चमच्याने चार घोट पाजले. जोराचा ठसका लागला. थोड्या वेळाने तो थांबला, म्हणून त्यांनी कुणाला सांगितले नाही. दुपारी ताप चढला, संध्याकाळी धाप लागली. चहा अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत उतरला होता. न्यूमोनिया झाला आणि रात्रीच त्यांना जिल्ह्याला हलवावे लागले. आजोबा वाचले, पण तेरा दिवस अतिदक्षता विभागात काढून आणि बिलासाठी घरची बैलजोडी विकून.

त्या संध्याकाळी मी सिस्टरवर सगळ्यांदेखत ओरडलो. आजींनाही म्हणालो, “सांगितलं होतं ना, काही द्यायचं नाही म्हणून?” त्या माउलीने दिलेले उत्तर आजही माझ्या कानात आहे. “डॉक्टर, मला वाटलं बाटलीतनं पोट भरतंय म्हणून जेवण नको म्हणत्यात. चहा काय जेवण हाय? तो छातीत जातोय एवढं कुणी सांगितलं असतं, तर मी चमचा हातात तरी घेतला असता का?”

कागदावर पाहिले तर सिस्टरची काहीच चूक नव्हती. तिने सूचना दिली होती, आजींनी ती ऐकलीही होती. तरीही जे पोचायला हवे होते ते पोचले नाही. खरा दोष माझा होता. पक्षाघातात गिळण्याचे स्नायू दुबळे होतात, म्हणून रुग्णाला बसवून चमचाभर पाण्याने गिळणे तपासल्याशिवाय तोंडाने काही द्यायचे नसते, हे मी सिस्टरला कधी समजावून सांगितलेच नव्हते. मग ती आजींना काय सांगणार? त्या रात्री ती एकटी नऊ रुग्ण सांभाळत होती, हेही ओरडताना मी विसरलो होतो.

काय, का आणि त्याऐवजी काय

आपल्याकडचा नातेवाईक हा दवाखान्यात भेटीला आलेला पाहुणा नसतो. रुग्णाला भरवणे, कूस बदलणे, भांडे देणे, औषधाच्या दुकानात पळणे, रात्री सलाइनच्या बाटलीकडे पाहत जागणे ही सगळी कामे तोच करतो. तो अर्धा कर्मचारीच असतो, फक्त त्याला काही शिकवलेले नसते. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१७ साली नवजात बालकांच्या कक्षांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. आईवडिलांना बाहेर न ठेवता त्यांना शिकवून बाळाच्या काळजीत सामील करून घ्यावे, असे त्यांत म्हटले आहे. तोच विचार प्रत्येक वॉर्डाला लागू आहे.

त्या प्रसंगानंतर आमच्याकडे मी एक पद्धत पाडली. कोणतीही सूचना तीन भागांत सांगायची : काय करू नका, का करू नका, आणि त्याऐवजी काय करा. त्या रात्री सिस्टरने असे म्हटले असते तर? “आजी, यांना पाणी, चहा, दूध काहीच पाजू नका. गिळायची ताकद गेली आहे, घोट छातीत जाईल. घसा सुकला तर ओल्या फडक्यानं ओठ पुसा आणि मला हाक मारा.” हे बोलायला पंधरा सेकंद लागतात. यातला तिसरा भाग फार महत्त्वाचा आहे. जवळचे माणूस तळमळताना पाहून हात बांधून बसणे कुणालाच जमत नाही. त्या हातांना काही काम दिले नाही, तर ते स्वतःच काम शोधतात.

वॉर्डात रोज दिसणाऱ्या आणखी काही गोष्टी पाहा.

सलाइन लवकर संपावे म्हणून नातेवाईक त्याचे चाक फिरवून धार वाढवतात. “हात लावू नका” असे ओरडून उपयोग नाही. “आजोबांचं हृदय दुबळं आहे, पाणी भरभर गेलं तर फुप्फुसात साठेल आणि धाप लागेल, थेंब थांबले तर फक्त मला सांगा,” असे सांगावे.

सलाइन म्हणजे ताकद, हा समज तर घराघरांत आहे. पाच टक्के ग्लुकोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर असते, म्हणजे पाच-सहा चमचे. हे एकदा सांगितले की जेवू शकणाऱ्या रुग्णासाठी “एक बाटली चढवाच” हा आग्रह कमी होतो.

ऑक्सिजन चालू असलेल्या खाटेजवळ श्रद्धेने उदबत्ती लावली जाते. तिथे “इथे देवधर्म नको” म्हणून मन दुखवू नये. “ऑक्सिजनजवळ ठिणगी पडली तर भडका उडतो, हात जोडा, अंगारा लावा, उदबत्ती मात्र घरी लावा,” असे सांगितले की माणसे ऐकतात.

बाळंतिणीच्या खाटेवर सिस्टर म्हणते, “वरचं काही देऊ नका.” आजीच्या लेखी मधाचे बोट हे ‘वरचे’ नसतेच, तो संस्कार असतो! म्हणून नाव घेऊन सांगावे : मध नको, गुळाचे पाणी नको, गुटी नको. मधातून क्वचित असे जंतू जातात की एक वर्षाच्या आतल्या बाळाचे स्नायू लुळे पडतात. आणि त्याऐवजी काय, तर आईचा पहिला पिवळसर चीक. तो टाकून द्यायचा नसतो, बाळाच्या अंगात रोगाशी लढण्याची शक्ती येते ती त्यातूनच.

विचारण्याआधी सांगा

सिस्टरांची नेहमीची तक्रार असते, “एकच प्रश्न दहा जण दहादा विचारतात.” तक्रार खरी आहे. पण घाबरलेला माणूस ऐकतो आणि लगेच विसरतो, हेही तितकेच खरे. शिवाय काहीच कळले नाही की माणूस वाईटच कल्पना करतो.

नॅन्सी मोल्टर या अमेरिकन परिचारिकेने १९७९ साली अत्यवस्थ रुग्णांच्या ४० नातेवाइकांना विचारले की, तुम्हाला सर्वांत जास्त कशाची गरज वाटते? स्वतःच्या सोयी-सुविधांना त्यांनी खालचे स्थान दिले. वरच्या क्रमांकावर होते ते असे : आशेला जागा आहे असे वाटावे, इथल्या लोकांना आमच्या माणसाची काळजी आहे असे दिसावे आणि आमच्या प्रश्नांना प्रामाणिक उत्तरे मिळावीत. देश वेगळा, काळ वेगळा. पण आपल्या तालुक्याच्या दवाखान्यातल्या बाकावर बसलेल्या माणसालाही नेमके हेच हवे असते.

यावर उपाय सोपा आहे. प्रत्येक पाळीत एक वेळ ठरवून सिस्टरने खाटेशी दोन मिनिटे थांबावे आणि स्वतःहून सांगावे. “रात्रभर ताप नव्हता. सकाळचं इंजेक्शन दिलंय. आता रक्त तपासायला गेलंय, दुपारी दोनला रिपोर्ट येईल. डॉक्टर साडेसहाला येतील, तेव्हा तुम्ही इथंच थांबा.” आमच्याकडे ही वेळ सकाळी आठ आणि रात्री आठ अशी आहे. सिस्टरांना आधी हे जादा काम वाटले. महिनाभरात त्यांनीच सांगितले, की मधल्या वेळची विचारपूस कमी झाली आणि औषधे देताना कुणी मध्ये थांबवत नाही.

आता प्रश्न येतो अधिकाराचा. आजाराचे निदान काय, पुढे काय होईल, ऑपरेशन लागेल का, हे सांगणे डॉक्टरांचे काम आहे. तिथे सिस्टरने अंदाज सांगू नयेत. पण “मला माहीत नाही, डॉक्टरांना विचारा” असे म्हणून पाठ फिरवणे वेगळे आणि “हे डॉक्टरच नीट सांगतील, ते साडेसहाला येतात, मी तुम्हाला आत बोलावते” असे सांगणे वेगळे. दोन्ही वाक्यांत माहिती तेवढीच आहे. दुसऱ्यात मात्र एक वेळ आहे आणि एक वचन आहे. ते वचन पाळायला हवे, हे ओघाने आलेच. आणि डॉक्टर साडेसहाला खरोखर यायला हवेत, हे मी माझ्या व्यवसायबंधूंना सांगतो.

शब्द जपून

एकदा एका मुलाने नोकरीच्या गावाहून फोन केला, “सात नंबरच्या पेशंटची तब्येत कशी आहे?” घाईत असलेल्या सिस्टरने उत्तर दिले, “सात नंबर सकाळीच गेले.” ते बरे होऊन घरी गेले होते. त्या मुलाने मात्र दोन तास प्रवासात रडून काढले. आपल्या भाषेत ‘गेले’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत आणि दवाखान्यात माणसाच्या मनात आधी दुसराच येतो. ‘घरी सोडले’, ‘एक्स-रेला नेले’ असे पुरे वाक्य बोलावे.

तीच गोष्ट ‘बीपी लागत नाही’, ‘सिरियस आहे’, ‘रेफर केलाय’ या शब्दांची. हे आपले आपसातले शब्द. बाहेरच्याला त्यांतून भीती तेवढी कळते. ‘रक्तदाब फार खाली आला आहे, तो वाढवायचं औषध चालू केलंय,’ असे म्हटले की भीती वाटते, पण काही चालले आहे हेही कळते.

हाक कशी मारतो, यालाही महत्त्व आहे. “ए, सात नंबरचं कोण आहे?” या हाकेने माणूस आधीच दुखावतो. “आजींबरोबर कोण आहे?”, “दादा, जरा इकडे या,” असे म्हणायला वेगळा वेळ लागत नाही. आपल्या बोलीत काका, मावशी, ताई, दादा असे शब्द आयते पडलेले आहेत. ते वापरावेत.

आणि पोकळ धीर देऊ नये. “काही होत नाही हो, उद्या चालायला लागतील,” हे चांगल्या मनाने म्हटलेले असते. पण उद्या ते चाललेच नाहीत, तर त्यानंतर तुमच्या खऱ्या शब्दावरही कुणी विश्वास ठेवत नाही. फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंनी १८५९ साली लिहिलेल्या ‘नोट्स ऑन नर्सिंग’ या पुस्तकात रुग्णाला असा वरवरचा धीर आणि सल्ले देणाऱ्यांवर एक स्वतंत्र प्रकरणच आहे. धीर द्यावा तो खऱ्या गोष्टीचा : “आज कालच्यापेक्षा ताप कमी आहे,” “वेदना कमी करायचं औषध आहे, ते आम्ही देतोय.”

“समजलं ना?” एवढ्याने भागत नाही

घरी सोडताना सिस्टर भराभर औषधे सांगते आणि विचारते, “समजलं ना?” समोरचा मान हलवतो. नाही म्हणायची लाज वाटते. त्याऐवजी असे म्हणावे, “मी नीट सांगितलं की नाही ते मला बघायचंय. घरी गेल्यावर कसं करणार ते मला करून दाखवा बघू.”

इन्सुलिनचे उदाहरण घ्या. एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट असलेली बाटली असेल तर सिरिंजही ४० ची, लाल टोपणाची हवी. बाटली १०० युनिटची असेल तर सिरिंज १०० ची, केशरी टोपणाची हवी. १०० चे इन्सुलिन ४० च्या सिरिंजने घेतले तर मात्रा अडीचपट होते. साखर एकदम उतरून रुग्ण बेशुद्ध पडू शकतो. दुकानदाराने दुसरी सिरिंज दिली आणि सुनेला फरक माहीत नसला की झाले. म्हणून इंजेक्शन देणाऱ्या माणसाच्या हातात सिरिंज देऊन एकदा भरून घ्यावी. त्या पाच मिनिटांत मध्यरात्रीचा एक फेरा वाचतो, कधी कधी जीवही.

कुणाला सांगावे, काय सांगू नये

आजारी एक आणि भेटायला चाळीस, ही आपली रीत. प्रत्येकाला वेगळे सांगितले की प्रत्येकाची गोष्ट वेगळी होते. मग मुंबईहून आलेले काका म्हणतात, “मला तर असं सांगितलं!” म्हणून दाखल करतानाच घरच्यांना विचारून एका जबाबदार माणसाचे नाव आणि मोबाइल क्रमांक केसपेपरवर लिहावा. शुद्धीवर असलेल्या रुग्णालाही विचारावे, “तुमच्याबद्दल कुणाला सांगू?” आजार त्याचा आहे. इतरांना नम्रपणे त्या एका माणसाकडे पाठवावे.

काही गोष्टी तर कुणालाच सांगायच्या नसतात. एचआयव्ही व एड्सविषयीच्या २०१७ च्या कायद्याने रुग्णाच्या संमतीशिवाय त्याची ही माहिती उघड करण्यास मनाई केली आहे. पण कायद्यापलीकडेही पाहावे. लहान गावात वॉर्डात निघालेला शब्द संध्याकाळपर्यंत बाजारपेठेत पोचतो. त्याने लग्ने मोडतात, नोकऱ्या जातात. शेजारच्या खाटेवरच्यांना ऐकू जाईल असे तर काहीच बोलू नये.

वाईट बातमी

मृत्यू झाल्याचे सांगणे हे डॉक्टरांचे काम आहे आणि त्यांनी ते सिस्टरवर ढकलू नये. पण त्या वेळी सिस्टर जवळ असेल तर फार फरक पडतो. वॉल्टर बेल, रॉबर्ट बकमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वाईट बातमी सांगण्याची सहा पायऱ्यांची पद्धत २००० साली मांडली. तिचे सार असे : आधी निवांत जागा पाहा, त्यांना काय माहीत आहे ते विचारा, किती ऐकायचे आहे याचा अंदाज घ्या, मग साध्या शब्दांत सांगा, त्यांच्या भावनांना वेळ द्या आणि शेवटी पुढे काय करायचे ते सांगा.

आपल्या दवाखान्यात वेगळी खोली नसते. पडदा ओढता येतो, एक खुर्ची आणि पाण्याचा तांब्या देता येतो. घरच्यांना दूरचा प्रवास करायचा असेल तर सोबत कोण आहे, हे विचारता येते. रडणाऱ्या माणसाला “रडू नका” म्हणू नये. कागदांवर सह्या, बिल, गाडी यांचे दहा मिनिटांनी बोलावे. आणि प्रकृती ढासळू लागली की आधीच सांगावे. वाईट बातमी टप्प्याटप्प्याने आली तर माणूस कोसळतो तो कमी. एकदम आली की दुःखाचा संताप होतो आणि तो समोर उभ्या असलेल्यावर निघतो.

दवाखान्यांत मारहाण करणाऱ्यांविरुद्ध आपल्या राज्यात २०१० साली कायदा झाला. तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपर्यंत दंड अशी शिक्षा त्यात आहे. कायदा हवाच. मारहाणीचे समर्थन कोणत्याही कारणाने होत नाही. पण कायदा घटना घडून गेल्यावर येतो. आधी बोललेला शब्द कित्येकदा ती घटना टाळतो.

नातेवाइकांनो, तुम्हीही

टाळी एका हाताने वाजत नाही. एका सिस्टरकडे वीस-पंचवीस रुग्ण असतात आणि घरी तिचीही मुले वाट पाहत असतात. म्हणून तुम्हीही इतके कराच. विचारणारा माणूस एकच ठरवा. प्रश्न वहीत लिहून ठेवा आणि ठरलेल्या वेळी विचारा. औषधे मोजताना किंवा इंजेक्शन भरताना तिला हाक मारू नका. त्या क्षणी चूक झाली तर ती तुमच्याच माणसाला बाधेल. सांगितलेले कळले नाही तर मान हलवू नका, पुन्हा विचारा. “का?” हे विचारायला लाजू नका. आणि चुकून काही दिले, पाजले, नळी निघाली, तर रागावतील म्हणून लपवू नका, लगेच सांगा. त्या पहाटे ठसका लागल्याबरोबर आजींनी सिस्टरला हाक मारली असती, तर आमचे सात-आठ तास वाचले असते. पण आमच्याशी बोलायला त्यांना भीती वाटावी, ही परिस्थिती आम्हीच केली होती.

त्या सिस्टरची माफी मी दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर मागितली. पुढे नऊ वर्षे ती माझ्याकडे होती. नव्या मुलींना ती हे तीन शब्द शिकवायची : काय, का, त्याऐवजी काय. आजींना मात्र मी आजवर पटवू शकलो नाही, की चूक त्यांची नव्हती. आजोबा त्यानंतर सहा वर्षे जगले. तरी आजी दरवेळी म्हणायच्या, “माझ्याच हातानं झालं.”

ज्या घरात परिचारिका आहे, त्या घराने हा लेख कापून तिच्या हाती द्यावा. ड्युटीरूमच्या भिंतीवर लावला तरी माझी हरकत नाही.